ब्लोअर फक्त 4 वर चालतो, रजिस्टर दोनदा बदललं. आता काय?

पऱ्हाटी (धागाकर्ता) | 14 मे, रात्री 9:50

राम राम मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंबच्या पुढे. गाडी 2011 ची डिझेल, साध्या गोल बटनाचा एसी, ब्लोअरला चार स्पीड. मार्चात 1, 2, 3 बंद पडले. 4 वर टाकला की तोंडावर वादळ, खाली आणला की शांत. तालुक्याच्या मेकॅनिकनं 'रजिस्टर गेलं' (स्पीड कमी करणारा भाग) म्हणून नवीन टाकलं, 650 रुपये. पाच आठवडे चाललं, परत तेच. दुसरं टाकलं, ते अकरा दिवसांत गेलं. आता जिल्ह्याच्या ठिकाणी एका वर्कशॉपात दाखवली तर म्हणे ब्लोअर मोटर, कूलिंग कॉइल, गॅस, सगळंच करा. साडेनऊ हजार.

25 पासून नवतपा. 29 ला पुसदला लग्न. आई सोबत आहे. 4 वर ठेवलं की तिचं डोकं दुखतं, बंद केलं की गाडीची भट्टी होते. पैसे द्यायला ना नाही, पण बिघाड कशात आहे ते कळल्याशिवाय द्यायचे नाहीत. घरी मल्टीमीटर आहे, विहिरीवरच्या मोटरसाठी घेतलेला. वापरता येतो बऱ्यापैकी.

गाडीवान | 14 मे, रात्री 10:12

भाऊ गॅस कमी झाला असन. माह्या गाडीचंबी असंच झालतं. गॅस भरला तं झ्याक थंडी.

वायरिंगवाला | 14 मे, रात्री 10:40

गाडीवान भाऊ, गॅसचा आणि स्पीडचा काही संबंध नाही. गॅस संपला तर हवा गरम येईल, पण चारही स्पीडनं येईल. इथं हवाच येत नाही. हे दोन आजार वेगळे आहेत आणि निम्मे लोक इथंच फसतात. मे महिन्यात एसी म्हटलं की पहिला पाइप गॅसचा लागतो.

पऱ्हाटी, माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे हिंगणघाटकडं, बावीस वर्षं झाली. 1-2-3 बंद आणि 4 चालू म्हणजे रजिस्टर, हे तुमच्या मेकॅनिकनं बरोबरच ओळखलं. पण रजिस्टर दोनदा गेलं म्हणजे ते मरत नाही, त्याला कोणीतरी मारतंय. चार गोष्टी सांगा:

रजिस्टरच्या कपलरचा (वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट) रंग कसा आहे, पिवळट-तपकिरी झालाय का? फ्यूज कधी उडाला का? 4 वर मोटरचा आवाज पूर्वीसारखाच आहे की घुर्र करतो? आणि गाडी उभी कुठं असते?

शेवटचा प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तर द्या.

मास्तर_निवृत्त | 15 मे, सकाळी 6:20

आमच्या काळी रजिस्टर म्हणजे हजेरीचं. हे 'रेझिस्टर', म्हणजे रोध. पण दुकानात रेझिस्टर मागितलं तर पोरगा तोंडाकडं बघत राहतो, तेव्हा रजिस्टरच म्हणू.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: जुन्या सीलिंग फॅनचा तो डब्याएवढा रेग्युलेटर आठवतो ना, हात लावला की गरम लागायचा? तेच हे. आत तारेची वेटोळी एकामागे एक जोडलेली. 1 वर करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो, 2 वर त्यातल्या काहींतून, 3 वर एकातून. 4 वर एकाही वेटोळ्यातून नाही, थेट. म्हणून वेटोळी गेली तरी 4 जिवंत राहतो. आणि हे रजिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलेलं असतं, म्हणजे त्याच हवेनं ते थंड राहावं.

पऱ्हाटी | 15 मे, दुपारी 1:30

वायरिंगवाला भाऊ, ग्लोव्ह बॉक्स काढून बघितलं. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर उलटा झोपून, पाय बाहेर. शेजारचा पोरगा फोटो काढत होता.

कपलर पांढरा असायला पाहिजे तो एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचा, आणि त्या कोपऱ्यातली पिन काळी. प्लास्टिक किंचित वाकलंय. फ्यूज (30 चा) कधीच उडाला नाही. आवाज घुर्र येतो, वर्षभरापासून, मला वाटलं वय झालं. गाडी टिनाच्या सपरीत असते. बाजूला कुटाराचा (भुशाचा) ढीग.

वायरिंगवाला | 15 मे, दुपारी 2:05

कुटार म्हटलं की उंदीर. बोलू त्यावर. आधी कपलर.

जुनी रजिस्टरं फेकली नसतील तर मीटर ओमवर ठेवून मोजा. दोन्ही प्रोब एकमेकांना लावून आधी मीटरचा स्वतःचा आकडा बघा, स्वस्त मीटरमध्ये 0.3-0.4 येतो, तो वजा करायचा. इथं आपण एक-दोन ओमच्या गोष्टी करतोय, तेवढी चूकही मोठी होते.

पऱ्हाटी | 15 मे, रात्री 8:45

दोन्ही आहेत, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात पडून होती. दोन्हींचं सारखंच. जळक्या कोपऱ्याची पिन आणि 1-2-3 कडं जाणारी कोणतीही पिन: काहीच दाखवत नाही, पूर्ण तुटलेलं. पण त्या 1-2-3 च्या पिना एकमेकींत मोजल्या तर 0.6, 1.1 असे आकडे येतात. म्हणजे वेटोळी शाबूत?

मास्तर_निवृत्त | 15 मे, रात्री 9:10

शाबूत! सापडलं की. वेटोळ्यांच्या आधी एक बारका थर्मल फ्यूज असतो, ठरावीक तापमानाला तुटणारा. तोच गेलाय दोन्हींत. म्हणजे रजिस्टर करंटनं नाही, उष्णतेनं गेलं. प्रश्न एवढाच की उष्णता आली कुठून.

गाडीवान | 15 मे, रात्री 9:25

मंग त्या थर्मल फ्यूजवर तार टाका ना डाग देऊन. कायले 650 घालून राह्यले?

वायरिंगवाला | 15 मे, रात्री 9:40

नका, अजिबात नका. मी असं 'डायरेक्ट' केलेलं एक काम बघितलंय. तीन महिन्यांनी ब्लोअरचा डबा वितळून आला होता, आणि आत सरकीचा कापूस नि पालापाचोळा. नशीब गाडी रस्त्यात उभी केली त्यानं. तो बारका फ्यूज एकटाच तुमच्या आणि आगीच्या मधे उभा असतो. तसंच 30 च्या जागी 40 चा फ्यूज किंवा तांब्याची तार, तेही नको. फ्यूज वायर वाचवायला असतो. तो मोठा केला की मग वायरच फ्यूज होते.

पऱ्हाटी, आता खरी मोजणी. लक्ष द्या, इथंच सगळे चुकतात. कपलर काढून आतल्या पिनवर मीटर लावलं की 12 व्होल्ट दिसतातच, पिन जळकी असली तरी. कारण करंट वाहतच नसतो. मोजायचं ते सगळं जोडलेलं ठेवून, ब्लोअर 4 वर चालू असताना, कपलरच्या मागच्या बाजूनं वायरीलगत बारीक टाचणी सरकवून.

पऱ्हाटी | 15 मे, रात्री 9:55

हे ठिबकसारखंच झालं. शेवटचा व्हॉल्व्ह बंद असेल तर गेज सगळीकडं सारखंच प्रेशर दाखवतं. पाणी सोडलं की कळतं पाइप कुठं चेपलाय.

वायरिंगवाला | 15 मे, रात्री 10:00

अगदी तेच. आता हे मी पोरांनाही असंच सांगणार.

इंजिन चालू ठेवा, ब्लोअर 4 वर. चार आकडे द्या: (1) बॅटरीच्या दोन टोकांत, (2) बॅटरी प्लस ते मोटरची प्लस वायर, (3) मोटरची मायनस वायर ते बॅटरी मायनस, (4) जळक्या पिनची वायर ते त्याच पिनचा रजिस्टरवरचा पाय. लांब वायर लागेल, पंपाची जुनी घ्या. एक सूचना: डॅशबोर्डखाली पिवळे कपलर किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या. तिथं टाचणी नाही, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही.

राळेगावची | 16 मे, सकाळी 7:15

मधेच विचारते, रागावू नका. माझी गाडी ऑटोमॅटिक एसीची, शाळेवर जायला रोज 34 किलोमीटर. ब्लोअर कायम फुल. बटन 1 वर आणलं तरी स्क्रीनवर 1 दिसतो, हवा तीच. माझंही रजिस्टरच का?

वायरिंगवाला | 16 मे, सकाळी 8:30

नाही मॅडम, तुमच्यात वेटोळ्यांचं रजिस्टर नसतं. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, मास्तरांच्या भाषेत फॅनचा नवा रेग्युलेटर. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की मोटरला कायम पूर्ण व्होल्टेज मिळतं. खात्री करायची तर मॉड्यूलच्या बारीक सिग्नल वायरवर मीटर लावा. बटन फिरवल्यावर तिथला आकडा बदलतोय आणि मोटर मात्र फुलच, तर मॉड्यूल गेलं. आकडाच बदलत नसेल तर दोष मागं, पॅनलकडं. मॉड्यूल महाग येतं, म्हणून आधी हे बघाच.

दर्यापूरकर | 16 मे, सकाळी 9:00

माझा तर एकही स्पीड चालत नव्हता. डॅशबोर्डवर थाप मारली की सुरू! बायको म्हणायची आरतीच करा त्याची.

वायरिंगवाला | 16 मे, सकाळी 9:20

कार्बन संपलेत मोटरचे, म्हणजे फिरत्या आर्मेचरला करंट देणारे ठोकळे. थापेनं कार्बन आर्मेचरला टेकतो. थाप मारत मारत आर्मेचर खराब कराल, मोटर काढून कार्बन बघा. बाकी कोणाचा चारही स्पीडवर मुका असेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे करंट जोडणारा छोटा स्विच (हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटची टेस्ट), मग बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडलेली मायनस वायर. या गाड्यांत मोटर सगळ्यात शेवटी.

पऱ्हाटी | 16 मे, संध्याकाळी 6:40

घ्या आकडे. दुपारी तीनला मोजले, सपरीत 45 असेल, टाचणीसुद्धा चटका देत होती.

बॅटरी 14.1. प्लस बाजूची गळती (वाटेत हरवलेले व्होल्ट) 0.4. मायनस बाजूची 2.1. आणि त्या जळक्या पिनवर एकट्या 1.7.

मास्तर_निवृत्त | 16 मे, संध्याकाळी 7:00

वाहवा. म्हणजे मोटरला मिळतात 14.1 मधून 0.4 आणि 2.1 वजा जाता 11.6. आणि मायनसच्या वाटेवर गळणाऱ्या 2.1 पैकी 1.7 त्या एका पिनेत. करंट कळला तर गणित पूर्ण होईल.

वायरिंगवाला | 16 मे, संध्याकाळी 7:30

डीसी क्लॅम्प मीटर लागेल, वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा. एसीवाला क्लॅम्प चालणार नाही, घेताना नीट बघा. तुमच्या तालुक्यात सोलर पंप बसवणाऱ्या पोरांकडं असतो.

दरम्यान, बहुतेकांना पडणारा प्रश्न: 4 वर तर रजिस्टर वापरातच नाही, मग 4 नं रजिस्टर कसं मरेल? या गाडीत मोटरची मायनस वायर आधी रजिस्टरच्या कपलरवर येते, तिथून पुढं स्विचला. म्हणजे 4 चा पूर्ण करंट वेटोळ्यांतून जात नसला तरी त्या जळक्या पिनमधून जातोच.

पऱ्हाटी | 17 मे, दुपारी 12:10

सोलरवाल्या पोराकडून क्लॅम्प आणला, चहा आणि दोन समोसे भाडं. 4 वर 19 अँपिअर.

मास्तर_निवृत्त | 17 मे, दुपारी 12:25

1.7 गुणिले 19 म्हणजे 32 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याचा डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो. तुम्ही त्याहून तापट आयर्न थर्मल फ्यूजला चिकटवून कळंब ते यवतमाळ फिरताय. रजिस्टर अकरा दिवस टिकलं हेच नवल.

आणि हे चक्रच आहे. पिन तापते, तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, पकड ढिली होते, ढिली झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. नव्या रजिस्टरचे चकचकीत पाय त्याच जुन्या ढिल्या कपलरमध्ये खोवले की पहिल्या दिवसापासून तेच.

वायरिंगवाला | 17 मे, दुपारी 1:00

पण 19 मला पटत नाही. या मापाच्या मोटरला माझ्या दुकानात 4 वर 13 ते 15 येतात. घुर्र आवाज आणि 19 अँपिअर, मोटर काहीतरी ओढून फिरतेय. खाली तीन स्क्रू असतील, मोटर पंख्यासकट खाली येते. गॉगल घाला, डोळ्यात पडतं.

गाडीवान | 17 मे, दुपारी 1:20

फिल्टर चोक झाला असन. हवा ओढाले जोर पडते मोटरले, म्हून करंट वाढते.

मास्तर_निवृत्त | 17 मे, दुपारी 1:50

गाडीवान भाऊ, हे सगळीकडं ऐकायला मिळतं पण उलटं आहे. असल्या पिंजऱ्यासारख्या पंख्याची हवा अडवली तर मोटरचं काम कमी होतं, कारण ढकलायला हवाच नाही. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर तळहात ठेवा. आवाज चढतो, मोटर हलकी होऊन जोरात फिरते म्हणून. चोक फिल्टरनं नुकसान होतं ते वेगळ्या वाटेनं: रजिस्टरवरून जाणारी हवा कमी होते आणि ते तापतं. फिल्टर साफ ठेवाच, फक्त कारण बरोबर धरा.

गाडीवान | 17 मे, दुपारी 2:00

मास्तर तुमच्याशी वाद घालाले आता ताकद नाही राह्यली, 46 हाय इकडं. पण पऱ्हाटीनं मोजून दाखवाव, तं मानतो.

पऱ्हाटी | 18 मे, सकाळी 11:15

मंडळी, काय निघालं ऐका.

मोटर खाली ओढली तशी मांडीवर पहिल्यांदा कुटार पडलं, मग कापसाचे पुंजके, मग तुरीच्या शेंगांची टरफलं, आणि शेवटी आईच्या जुन्या नऊवारीचा काठ. हिरवा, बोटभर लांबीचा. ते लुगडं दोन वर्षांपूर्वी गोठ्यात पोत्यावर झाकायला टाकलं होतं. उंदरानं घर बांधलं होतं पंख्याच्या वर, हवा आत येते तिथं. घरातला मालक गैरहजर होता. सुतळी आणि कापसाचा पीळ पंख्याच्या मागं शाफ्टवर असा आवळून बसला होता की विळ्याच्या टोकानं कापावा लागला. शाफ्ट हातानं फिरवला तर आधी अडखळत होता, आता भोवऱ्यासारखा फिरतो.

आईनं काठ ओळखला. तो धुऊन ठेवलाय.

करंट आता 14. मग मास्तरांच्या सांगण्यावरून हवा आत येण्याचं तोंड पुठ्ठ्यानं झाकलं: 10. गाडीवान भाऊ, कमीच झाला.

गाडीवान | 18 मे, सकाळी 11:30

मानलं बाप्पा.

वायरिंगवाला | 18 मे, दुपारी 12:00

मोटर वाचली तुमची. आता कपलर. नवा वायरीसकट तयार मिळतो, तोच घ्या. जुन्यातली पिन पक्कडीनं आवळून भागवू नका, तापलेल्या पितळेत पकड परत येत नाही. आणि जुनी वायर कपलरपासून दोन-तीन इंच कापूनच टाका. तिथलं तांबं काळं पडलेलं असतं, त्यावर जोड धरत नाही. चमकदार तांबं लागेपर्यंत मागं जा. जाड वायर 4 स्क्वेअर एमएमची. जोड क्रिम्पिंगनं (धातूची नळी दाबून), वर हीटश्रिंक (तापवलं की आवळणारी नळी). नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळणार असाल तर जून संपायच्या आत परत इथंच भेटू.

वाशीमचा_पाव्हणा | 18 मे, दुपारी 3:00

माझा ब्लोअर नीट आहे, पण नागपूरहून निघालं की तासाभरात हवा कमी होत जाते. आवाज तोच राहतो. दहा मिनिटं एसी बंद ठेवला की परत येते. हेही मोटरचंच का?

वायरिंगवाला | 18 मे, दुपारी 3:20

आवाज तोच आणि हवा गायब म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ. तिथला तापमानाचा सेन्सर कॉम्प्रेसरला वेळेवर थांबवत नाही. वेगळा विषय, नवीन धागा काढा, नाहीतर पऱ्हाटीचं लग्न राहील.

पऱ्हाटी | 22 मे, रात्री 8:30

काम झालं. कपलर वायरीसकट 280, रजिस्टर 650 (तिसरं!), वायर-हीटश्रिंक घरचंच. क्रिम्पिंग सोलरवाल्या पोरानं करून दिलं, आता तो समोशांवरून कचोरीवर आलाय.

आकडे: 4 वर 14 अँपिअर, त्याच पिनवर गळती 0.08. अर्धा तास 4 वर चालवून कपलरला हात लावला, कोमट. आज मुद्दाम यवतमाळला जाऊन आलो, दुपारी दोनला, 2 वर ठेवून. आई मागं झोपली.

मोटरच्या वर हवा आत येते तिथं बारीक लोखंडी जाळी लावलीय, धान्याच्या चाळणीची. कुटार सपरीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. त्या वर्कशॉपला फोन करून सांगितलं की येत नाही. ते म्हणाले, गॅस तरी भरून घ्या.

गाडीवान | 22 मे, रात्री 8:40

हे हे. मी नाई म्हटलं यावेळी.

मास्तर_निवृत्त | 22 मे, रात्री 9:00

ती दोन मेलेली रजिस्टरं आणि जळका कपलर फेकू नका. आमच्या शाळेत आठवीच्या पोरांना विद्युतधारेचा औष्णिक परिणाम शिकवायला याहून बरं काही नाही. कसं मिळेल?

पऱ्हाटी | 22 मे, रात्री 9:10

29 ला पुसदला येतोच आहे. बसस्टँडसमोरच्या रसवंतीवर ठेवून जातो, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. लुगड्याचा काठ मात्र देणार नाही.